मावशीची झडप मुरली

माझ्या मावशीच्या छातीत घड्याळ आहे, असं आमच्या नात्यातली सगळी पोरं मानायची आणि मोठ्यांपैकीही निम्म्यांना ते मनातून पटलेलं होतं. लहानपणी तिचा घसा धरायचा, मग गुडघे सुजायचे, ताप यायचा. मळ्यातल्या घरात एवढ्याशा तापाकडे कोण बघतो? हळद-दूध पाजलं की झालं. पण त्या तापानं आत जाऊन हृदयाची एक झडप खाल्ली होती. चाळिशीला आल्यावर मावशीला बांधावरून विहिरीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. नव्वदच्या दशकात, माझं कॉलेज चालू असताना, तिला मुंबईला नेऊन झडप बदलून आणली. नवी झडप धातूची. प्रत्येक ठोक्याला ती मिटायची आणि टिक असा बारीक, स्वच्छ आवाज यायचा.

गोंगाटात तो कुणाला कळायचा नाही. पण चार माणसं शांत बसली की पंचाईत व्हायची. कीर्तनात बुवा डोळे मिटून थांबले की मागून टिक, टिक, टिक. गावात कुणाची शोकसभा होती, दोन मिनिटं उभं राहायचं होतं, तेव्हा तर पुढच्या रांगेतले लोक वळून मनगटं बघायला लागले. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाचे वडील भिंतीकडे बघत म्हणाले, "घड्याळ लय जोरात चालतं हो तुमचं." भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. मावशीनं पदर आणखी घट्ट लपेटून घेतला, जसं काही त्यानं आवाज दाबला जाणार होता.

काकांचं म्हणजे मावशीच्या यजमानांचं तर वेगळंच दुखणं. झोप अगदी सावध. मुंबईहून आल्यावर चार दिवस त्यांनी कळ काढली आणि पाचव्या दिवशी खाट उचलून विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत नेली. तिथे पाण्याची मोटार घरघरायची, ती त्यांना चालायची. बायकोची टिकटिक चालायची नाही.

"मोटार आपली घर्र करती, डोकं सुन्न व्हतं, झोप लागती," ते सांगायचे. "हिचं काय, एक झाली की दुसरी कवा येती याचीच वाट बघत बसतो माणूस."

मावशीला हे लागलं होतं. ती बोलून दाखवायची नाही, ती उलट चेष्टाच करायची, पण तिनं गडावरच्या देवीला नवस बोलला होता: आई, एवढी टिकटिक थांबव, खणानारळानं तुझी ओटी भरीन. हे तिनं मला मेथी निवडताना सांगितलं होतं आणि मी हसले होते. नवस फळला तर काय होईल हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण धातूची झडप आणि देवी यांचा काही संबंध असेल असं प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीला वाटत नाही.

बी.एस्सी. झाल्यावर मला नोकरी मिळाली तीही नेमकी याच खात्यात. शहरातल्या एका इस्पितळात हृदयाचे एक डॉक्टर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. नाकावर राग, पण माणूस सोन्यासारखा. झडप बदललेले जिल्हाभरातले रुग्ण त्यांच्याकडे तपासणीला येत. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न किडा होऊन बसला होता. झडप तीच, गोळ्या त्याच, मग काही रुग्ण वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात आणि काही एक दिवस शॉकमध्ये येतात, असं का? हा शॉक विजेचा नव्हे. हृदयाला रक्त ढकलता येत नाही, बीपी खाली जातं, हातपाय गार पडतात, माणूस घामानं भिजतो आणि डोळ्यांदेखत जातो. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसली की असं होतं. ती बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त पुरेसं पातळ आहे ना, ते दर महिन्याला तपासून घ्यायचं.

सरांना दिसत होतं ते असं: ओझरच्या विमानांच्या कारखान्यातला कामगार झडप घालून दिमाखात हिंडतो, आणि शेतात राबणारी बाई शॉकमध्ये येते. "अंतर," सर म्हणायचे. "लांबची माणसं तपासणीला येत नाहीत. अंतर आणि अडाणीपणा. जा, शोधून आण."

म्हणून मी एसटीनं आणि मोपेडवरून जिल्हाभर हिंडत होते. चांदवडकडच्या वस्त्यांवर कांद्याच्या चाळींच्या सावलीत बसून चहा प्यायचा आणि प्रश्न विचारायचे. हे प्रश्न विचारणं म्हणजे एक नाटकच असायचं. मी बाईकडे बघून विचारायचे, "गोळी रोज घेता का?" तिचा नवरा सांगायचा, "घेती की." मी बाईला विचारायचे, "दम लागतो का?" सासरा सांगायचा, "नाय, आता काय दम नाय." एकदा मी चिडून विचारलं, "छातीत दुखतं का, हे तरी यांना सांगू द्या," तर नवरा म्हणाला, "तिला काय कळतंय ताई, मला इचारा ना." बाई दारात पदर तोंडाशी धरून हसत होती. मीही हसले, पण आतून असा काही संताप यायचा की परतीच्या एसटीत शेजारच्या प्रवाशानं खिडकी लावली तरी मी त्याच्यावर खेकसायचे.

त्या वर्षी थंडी चांगली पडली आणि मेथीचं पीक उदंड आलं. काका मेथी, कोथिंबीर, पालक आणि झेंडू पिकवायचे. त्यांचा मळा गंगापूर रोडनं पुढे, तेव्हा तिकडे इमारती कमी आणि वाफे जास्त. रोज सकाळी टेम्पोत माल भरून ते बाजारात न्यायचे. एक दिवस परत जाताना त्यांनी टेम्पो आमच्या इस्पितळाच्या फाटकाशी थांबवला आणि मला हाक मारली. टेम्पोत न विकलेल्या मेथीच्या जुड्या रचलेल्या होत्या. भाव असा पडला होता की शेवटी शेवटी लोक फुकटसुद्धा नेत नव्हते.

"रविवारी जेवायला ये," काका म्हणाले. चेहरा नव्या जावयासारखा फुललेला. "नवस फळलाय."

"कसला नवस?"

"आल्यावर कळंल."

मी रविवारी गेले. अंगणात चुलीवर पुरण शिजत होतं, चुलत्यामालत्यांची घरं जेवायला आली होती. मोटारीच्या खोलीतली काकांची खाट परत घरात आली होती आणि तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. मावशी दुसऱ्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. मला बघून हसली.

"बघ," काका म्हणाले आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. अंगणातली माणसंही थांबली. चुलीतलं लाकूड तडतडलं, एक कोंबडी ओरडली, बाकी काही नाही.

"आठ-धा दिस झालं," काका म्हणाले. "टिकटिक बंद. झडप अंगात मुरली."

"लोणच्यावानी," मावशीची जाऊ म्हणाली. "पहिल्यांदा फोड कडक असती, मंग मुरती."

सगळे हसले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की धातूच्या झडपेचा आवाज स्वच्छ यायला हवा. तो मंद झाला किंवा बंद झाला, तर झडप नीट मिटत-उघडत नाही, तिच्यावर काहीतरी बसलंय. मी मावशीजवळ गेले. तिचे हात बर्फ झाले होते. पावलांवर सूज होती. ओठांचा रंग मला आवडला नाही.

"मावशी, कसं वाटतंय?"

"बरी... हाय," ती म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये तिनं श्वास घेतला. "जरा... थकवा."

"पुरण घाटलं ना सकाळपून, म्हणून," काकांनी उत्तर दिलं.

"काका, तुम्ही गप्प बसा!" मी इतक्या जोरात ओरडले की अंगणातलं कुत्रं उठून गेलं. आमच्यात काकांवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. मी मावशीच्या छातीला कान लावला. एरवी हातभर अंतरावरून ऐकू येणारी ती टिक कान लावूनसुद्धा येत नव्हती. आत काहीतरी घाईघाईनं धडधडत होतं, गोधडीखाली दाबल्यासारखं.

"टेम्पो काढा," मी म्हटलं.

"अगं पण जेवणं..."

"काका, झडप मुरली नाहीये, अडकलीये. टेम्पो काढा, नाहीतर मावशी जाईल."

काका सगळं तसंच टाकून धावले. मावशीला गादीसकट टेम्पोत घातलं, मेथीच्या जुड्या बाजूला सारून. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अर्ध्या वाटेत तिला दरदरून घाम सुटला आणि ती काहीतरी पुटपुटली. मी कान जवळ नेला. ती म्हणत होती, "पुरण... जळंल." मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं आणि मग दोन्ही एकदम आलं.

इस्पितळात पोचेपर्यंत ती शॉकमध्ये गेली होती. ज्या गोष्टीवर मी दोन वर्षं चांदवडपासून पार डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत माहिती गोळा करत होते, तिचं तोंड मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. सरांनी छातीची सोनोग्राफी केली आणि पडद्यावर मला दाखवलं: झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक हलतच नव्हती. पुन्हा ऑपरेशन करायला मुंबई गाठेपर्यंत ती टिकली नसती. दुसरा उपाय म्हणजे गुठळी विरघळवायचं औषध सलाईनमधून सोडणं. त्यात गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जायचं भय होतं. सरांनी हे काकांना सरळ सांगितलं. काकांनी औषध द्या म्हणून मान हलवली.

औषध सुरू झाल्यावर सर बाहेर आले. डोळे लाल, आवाज चढलेला.

"गोळी बंद केली होती?"

"नाय साहेब, देवाशप्पथ. रोज मी सोता हातावर द्यायचो."

"रक्त कधी तपासलं?"

"झेंडूचा हंगाम व्हता, मंग मेथी आली. ती ठणठणीत व्हती, म्हणून म्हटलं..." काकांचा टेम्पो रोज सकाळी या फाटकावरून जायचा. त्यात एक दिवस मावशीला बसवलं असतं तर पुरलं असतं. सर म्हणायचे ते अंतर म्हणजे हे. घरापासून फाटकापर्यंत अर्धा तासही लागत नव्हता.

"खाण्यात काही बदल? पालेभाजी वाढली?"

"नाय. घरात शिजतं तेच. समद्यांवानी."

काका खोटं बोलत नव्हते. मला तेव्हाच जाणवलं की त्यांना खरंच माहीत नाही. मी विचारलं, "काका, तुम्ही काल काय जेवलात?"

"शेवभाजी."

"परवा?"

"वांग्याचं भरीत. मेथीचा वीट आलाय मला, म्हणून ती दुसरं काय तरी करती."

"आणि मावशी?"

काकांनी आपल्या भावजयीकडे बघितलं. ती मागून दुसऱ्या गाडीनं आली होती. ती खाली बघत म्हणाली, "आम्ही बायका काय, मागून बसतो. टेम्पोत उरलेली मेथी येती, ती टाकून द्यायची व्हय? सकाळी भाजी, दुपारी मुटके, रातच्याला पुन्ना पातळ भाजी. तिची तर भाकर बी मेथी घातलेली. ती म्हणायची, लेकरावानी वाढवली, गुरापुढं कशी टाकू."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या गोळीचं आणि पालेभाजीचं वाकडं आहे. पाल्यात एक जीवनसत्त्व असतं, ते रक्ताला गोठायला मदत करतं. रोज बेताची, सारखीच भाजी खाल्ली तर डॉक्टर त्या हिशेबानं गोळी जुळवून देतात. पण दोन-तीन आठवडे तिन्ही त्रिकाळ मेथी पोटात गेली की गोळी तोकडी पडते. बाजारात मेथीचा भाव पडला की मळ्यातल्या बायकांच्या पानात ती वाढते, पुरुषांच्या नाही. आणि आम्ही प्रश्न विचारत होतो पुरुषांना. मी गावोगाव चपला झिजवत होते आणि उत्तर माझ्या मावशीच्या तव्यावर होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

माझा सगळा राग काकांवर निघायला तयार होता. पण ते कोपऱ्यात बसून एवढंच म्हणत होते, "मीच खाट आणली घरात. गप झाली म्हणून मला बरं वाटलं. मला बरं वाटलं ना." मग मला त्यांच्यावर ओरडवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मावशीचं बीपी हळूहळू वर यायला लागलं. सरांनी काकांना आत जाऊ दिलं. काचेच्या खोलीत यंत्रं टुंटुं वाजत होती. काका नर्सला म्हणाले, "बाई, हे तुमचं मशीन जरा बंद करा. मला ऐकू येईना."

"ते बंद करता येत नाही काका."

मग काकांनी टोपी काढून काखेत धरली आणि वाकून मावशीच्या छातीला कान लावला. ज्या माणसानं चारचौघांत बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, तो दोन नर्सा, एक वॉर्डबॉय, सर आणि मी बघत असताना तसाच वाकून राहिला. बराच वेळ. पाठ दुखली असेल.

"आली!" ते एकदम ओरडले. "आली, आली! साहेब, वाजती!"

मावशीनं डोळे उघडले. आपल्या छातीवर नवऱ्याचं डोकं बघून तिला इतकी लाज वाटली की तिनं पदर शोधायला सुरुवात केली. अंगात इस्पितळाचा झगा होता, पदर कुठला सापडणार!

मावशी घरी गेली, आणि मग नवसाचा पेच उभा राहिला. देवीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं, टिकटिक थांबवली होती. त्यामुळे ओटी भरणं भाग होतं. काका म्हणाले, बोललेलं फेडलं नाही तर देवी कोपंल. पण फेडला आणि देवीनं पुन्हा तेच केलं तर? शेवटी काका एकटेच गड चढून गेले, एक खण आणि दोन नारळ घेऊन. पहिल्या नारळानं ओटी भरली आणि दुसरा ठेवून सांगितलं, आई, पहिला नवस चुकून बोललो, आता जन्मभर वाजू दे. पुजारी विचारत होता म्हणे, काय वाजू दे? काकांनी त्याला सांगितलं, तुला नाय कळणार, तिला कळतंय.

सरांचा अभ्यास नंतर पूर्ण झाला. त्यात काय काय आलं ते डॉक्टर लोकांनी वाचलं असेल. आमच्या ओपीडीत मात्र त्यातून एक रीत पडली. झडपेची बाई तपासणीला आली की सर तिच्या नवऱ्याला म्हणायचे, "खाली कँटीनचा चहा चांगला आहे, जाऊन पिऊन या." नवरा बाहेर गेला की मी खुर्ची पुढे ओढून बाईला विचारायचे, "तुम्ही स्वतः काल काय जेवलात?" पहिल्यांदा बहुतेक बायका दाराकडे बघायच्या. मग एकदा बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. कुणी गोळी उपासाला सोडायची, कारण पोटात काही नसताना औषध कसं घ्यायचं? कुणी अर्धी मोडून घ्यायची, उरलेली सासूच्या गुडघ्यासाठी. कँटीनवाल्याचा धंदा मात्र वाढला आणि तो आम्हाला बघितलं की न मागता साखर जास्त घालायचा.

पुढे अनेक वर्षांनी, गंगापूर रोडला इमारती पार मळ्याच्या बांधापर्यंत आल्या तेव्हाची गोष्ट. मी मावशीकडे दुपारची गेले होते. काका आता थकले होते, टेम्पो मुलगा चालवायचा. मधल्या खोलीत दोन खाटा एकमेकींना खेटून होत्या. मोटारीची खोली कधीच पाडून टाकली होती. काका गाढ झोपले होते, तोंड उघडं, एक हात मावशीच्या खाटेवर. मावशी त्यांच्याजवळ बसून माझ्याशी हळू आवाजात बोलत होती आणि मधे मधे तो बारीक आवाज येत होता, टिक, टिक, टिक. मला तो आता ऐकू येतो आहे हेसुद्धा लक्षात राहत नव्हतं.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि अजिबात आवाज न करता उठून स्वयंपाकघरात गेली.

काका दचकून उठून बसले. अर्धवट झोपेत, केस विस्कटलेले, हात रिकाम्या खाटेवर चाचपत होते.

"काय गं? बंद पडली काय?"

"चहा ठेवतीये," आतून मावशी म्हणाली. "चालू हाय. निजा."

"मंग हितं येऊन ठेव ना चहा," काका म्हणाले आणि खाटेवर तसेच बसून राहिले, ती परत येईपर्यंत.